कॅनॉल, कालवा आणि पाट

प्रवराकाठच्या श्रोत्यांपुढे 'कॅनॉल' या शब्दाचा अर्थ सांगावयास उभे राहणे म्हणजे कोकणात जाऊन भात कसा शिजवावा हे सांगण्यासारखे आहे. देवळाली प्रवरेत हा शब्द कधी शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीच्याही तोंडी बसलेला आहे. परंतु जो शब्द रोजच्या वापरात असतो त्याच्याकडेच आपले लक्ष सर्वांत कमी जाते. शेताकडे येणाऱ्या एकाच पाण्याच्या वाटेला आपण कधी कॅनॉल म्हणतो, कधी कालवा, कधी पाट, तर कधी चारी. हे चारही शब्द एकाच अर्थाचे आहेत काय? आम्हांला तसे वाटत नाही. आणि त्यांच्यातील भेद हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नसून आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचणारा आहे.

प्रथम इंग्रजी शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत 'कान्ना' म्हणजे बोरू, पोकळ दांड्याची वनस्पती. तिच्यावरून 'कानालिस' म्हणजे पाण्याची नळी किंवा पन्हळ हा शब्द झाला. तो इंग्रजीत दोन वेळा आला : जुन्या फ्रेंच भाषेतून 'चॅनल' होऊन, आणि मागाहून 'कॅनॉल' होऊन. गंमत अशी, की संस्कृतातही 'नल' किंवा 'नड' म्हणजे बोरूच, आणि आपले नळ, नळी, नलिका हे शब्द त्याच गोतातले. निजामशाहीत अहमदनगर शहराला पाणी पुरविणाऱ्या खापरी नळांच्या नावात तोच बोरू दडलेला आहे.

चॅनल आणि कॅनॉल हे एका आईचे दोन मुलगे. पण इंग्रजीने त्यांची वाटणी करून दिली. चॅनल बहुधा निसर्गाने केलेला, कॅनॉल माणसाने खणलेला. मराठीनेही हा भेद अचूक ओळखला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्राला आपण इंग्लिश खाडी म्हणतो, तर 1869 साली खुल्या झालेल्या जलमार्गाला सुएझचा कालवा म्हणतो.

हा भेद विसरला तर काय होते, याचे एक उदाहरण ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात आहे. 1877 साली इटलीतील स्कियापारेली या ज्योतिर्विदाला दुर्बिणीतून मंगळावर काही रेघा दिसल्या. त्याने त्यांना आपल्या भाषेत 'कानाली' म्हटले. इटालियनमध्ये या शब्दात नैसर्गिक आणि खणलेले असे दोन्ही प्रवाह येतात. इंग्रजीत मात्र त्याचे 'कॅनॉल' झाले; आणि कॅनॉल म्हटला, की तो खणणारा कोणीतरी आलाच! अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल याने तर मंगळावरचे लोक ध्रुवांवरील बर्फाचे पाणी कालव्यांनी आणून शेती करीत असावेत, असा पक्ष हिरिरीने मांडला. 1965 साली मरीनर 4 या यानाने जवळून छायाचित्रे घेतली. त्यांत विवरे आढळली, कालवे नव्हेत.

आता आपल्या घरच्या शब्दांकडे वळू. 'पाट' हा त्यांतला सर्वांत जिव्हाळ्याचा. जुन्या महसुली दप्तरांत बागायत जमिनीचे मोटस्थळ आणि पाटस्थळ असे दोन भेद केलेले आढळतात. विहिरीवर मोट चालते ती जमीन मोटस्थळ. ओढ्यानदीवर बंधारा घालून पाणी आणलेली ती पाटस्थळ. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धती चालत आली आहे. तिच्यात पाणी वाटणारा पाटकरी हा गावाचा माणूस असतो, आणि पाटातील गाळ काढणे हे लाभधारकांचे सामाईक काम असते. पाट या शब्दामागे असा बंधारा, अशी पाळी आणि असा करार उभा आहे. 'कालवा' या शब्दाचे नाते दक्षिणेकडे दिसते. कानडीत कालुवे आणि तेलुगूत कालुव हे शब्द याच अर्थाने आहेत. मलिक अंबराने औरंगाबादेस पाणी आणले त्या योजनेला मात्र फारसीच्या वळणाने 'नहर' म्हणतात.

इंग्रजी अमलात यात कायद्याने हात घातला. 1879 च्या मुंबई इरिगेशन कायद्याने 'कॅनॉल' या शब्दाची व्याख्या केली, ती फार ऐसपैस. सरकारने बांधलेले किंवा ताब्यात ठेवलेले कालवे, नळ आणि जलाशय तर तिच्यात आलेच. पण ज्या नदीला अगर ओढ्याला सरकार हा कायदा लागू करील, तिचा तो भागही कायद्याच्या दृष्टीने कॅनॉल ठरला. सरकारी खर्चाने न राखल्या जाणाऱ्या, शेताकडे जाणाऱ्या वाटेला 'वॉटरकोर्स' असे वेगळे नाव मिळाले, आणि तिची दुरुस्ती मालकांवर आली.

आपल्याकडे हा शब्द पाण्याबरोबरच आला. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम 1910 साली सुरू झाले, आणि 1926 साली गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाचे पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते, आणि तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. त्यांच्यामागून ब्लॉक, मायनर, हेड, टेल असे शब्दांचे बिऱ्हाडच आले. तथापि लोकांनी सगळेच इंग्रजी स्वीकारले नाही. पाणी सोडणारा पाटकरीच राहिला आणि कर पाणीपट्टीच राहिला.

राज्यकारभार मराठीत आल्यावर कागदावर 'कालवा' स्थिर झाला; आवर्तन ठरविणारी समितीही कालवा सल्लागार समितीच. 1976 च्या कायद्याच्या नावात मात्र 'पाटबंधारे' हा जुना जोडशब्द राहिला. म्हणजे बोलीत कॅनॉल, नोटिशीत कालवा आणि खात्याच्या कायद्यात पाट असा तिहेरी संसार झाला.

यात अडचण आहे ती 'चारी' या शब्दाची. सरकारी वितरिकेलाही आपण चारी म्हणतो आणि चार शेतकऱ्यांच्या सामाईक शेतचारीलाही चारीच म्हणतो. पहिलीची निगा खात्याकडे, दुसरीची आपल्याकडे, हा 1879 पासूनचा भेद एका शब्दात बुडून जातो. मग गवत माजले, की सारे जण खात्याकडे बोट दाखवितात, खाते शेतकऱ्यांकडे बोट दाखविते, आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीकडे पाहत बसतो. त्याच्या दृष्टीने हा व्याकरणाचा प्रश्न नसून पिकाचा प्रश्न आहे.

2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी वाटपाचा आणि देखभालीचा अधिकार दिला आहे. जुन्या पाटामागे जो सामाईक जबाबदारीचा अर्थ होता, तोच यात नव्या नावाने आला आहे असे आम्ही समजतो. मोठ्या प्रवाहाला कोणी खुशाल कॅनॉल म्हणो. तो शब्द आता आपलाच झाला आहे. पण पुढच्या आवर्तनापूर्वी आपल्या शिवारातील कोणती चारी खात्याची आणि कोणती आपली, एवढे प्रत्येकाने निश्चित करून घ्यावे, आणि जी आपली ठरेल तिच्यातला गाळ पाणी येण्याआधी काढावा.