जोंगा : जबलपूरची गाडी, नागपूरचा चिखल

हेडफोनचा आवाज थोडा कमी करा, कारण आजची पाहुणी मोठ्या आवाजाची आहे. सहा सिलिंडर, 3956 सीसी, पेट्रोल. नाव जोंगा.

गेल्या दिवाळीत मी एक जुनी जोंगा घेतली. तेव्हापासून नागपुरात जो भेटतो तो एकच सल्ला देतो. आमचे मिस्त्री तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाऊ, डिझेल इंजिन टाकून घ्या, नाहीतर पंपच विकत घ्यावा लागन तुम्हाले." टाकायचं की नाही? उत्तरासाठी आधी या गाडीचा इतिहास बघावा लागतो.

जोंगा हे नाव जपानी वाटतं ना? तसं नाहीये. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली' या इंग्रजी नावातली अक्षरं जोडून ते तयार झालं. गाडी मात्र मुळात जपानी, निसान पेट्रोल. यातलं पेट्रोल म्हणजे इंधन नव्हे बरं का, गस्त! 1962 च्या चीन युद्धाने आपल्या सैन्याची तयारी किती अपुरी आहे ते दाखवलं. त्याच नोव्हेंबरमध्ये केंद्राने संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग काढला. जबलपूरला 1904 पासून तोफगाड्यांचा कारखाना होताच. 1969 मध्ये तिथे व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि निसानच्या परवान्यावर बनणारी जोंगा तिची ओळख झाली.

आता गंमत ऐका. निसानने हे मॉडेल जपानमध्ये 1980 च्या सुमारास बंद केलं. जबलपूरला ते 1999 पर्यंत बनत राहिलं! सैन्याचं गणित वेगळं असतं. हजारो गाड्यांना एकच सुटा भाग चालतो, एकच मिस्त्री त्या सगळ्या दुरुस्त करू शकतो, तेव्हा जुनं मॉडेलसुद्धा सोयीचं पडतं. नंतर जिप्सीसारख्या हलक्या गाड्या आल्या. वापरातून काढलेल्या जोंगा लिलावात निघाल्या आणि शेतकरी, ठेकेदार, हौशी लोकांकडे पोहोचल्या. 2019 मध्ये धोनी रांचीत हिरवी जोंगा चालवताना दिसला, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल.

पण लिलावातून आलेल्या बऱ्याच जोंगांचं मूळ इंजिन गेलं. सरकारी पेट्रोलवर चालणारी गाडी स्वतःच्या खिशातून चालवायची म्हटली की तिची तहान कळते. लोकांनी डिझेल इंजिनं बसवली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्या बदलामुळेच कितीतरी गाड्या भंगारात जायच्या वाचल्या.

आज मात्र हिशोब बदललाय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे. निर्मात्याने ठरवलेली मूळ रचना परस्पर बदलता येत नाही. दुसरं, 2021 चे व्हिंटेज नियम. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न झालेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो. माझ्या आरसीवर पहिली नोंदणी 1986 ची आहे, म्हणजे 2036 पर्यंत थांबणं आलं. आज डिझेल टाकलं तर तो दरवाजा कायमचा बंद. आणि हेही लक्षात ठेवा, तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, एवढंच.

म्हणून मी ठरवलं, झिजतं ते बदलायचं, ओळख सांगतं ते ठेवायचं. इंजिन तेच. ब्रेकचे लायनर आणि होज नवे, कारण चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. वायरिंग पूर्ण नवीन. पेट्रोलचे रबरी पाइप बदलले, कारण आताच्या पेट्रोलमधलं एथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. रेडिएटर उघडून साफ केला. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की नागपूर इंजिनाची परीक्षाच घेतं. सीटबेल्टही लावले. आमचे मिस्त्री अजून नाराज आहेत, पण इंजिन सुरू झालं की बाजूला उभं राहून ऐकतात.

आणि मजा? ती पावसाळ्यात, रामटेकच्या पुढे काळ्या मातीत. नेहमी फक्त मागची चाकं ओढतात. दांडा ओढला की पुढचीही जोर लावतात. पण हे डांबरी रस्त्यावर करू नका! वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं आणि इथे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच वेगाला बांधलेले असतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. डांबरावर तोच ताण गिअरवर येतो.

तुमच्या घरी कुणाची जुनी जीप, जिप्सी, जोंगा उभी असेल तर आज एक काम करा. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघा, फोटो काढून ठेवा. आणि गाडी पहिल्यांदा कुठे होती, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून रेकॉर्ड करा. कागदावर तारीख मिळेल. त्या गाडीने काय काय पाहिलं, ते मात्र त्यांनाच माहीत असतं.