मूत्रातले संप्रेरक आणि मूत्राशयाची व्यथा

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका गुडघेदुखीबद्दल चारचौघांत बोलतात. लघवीच्या त्रासाबद्दल मात्र पोटच्या लेकीजवळही चकार शब्द काढीत नाहीत. खोकला आला की नेसूचे ओले होते, रात्री चारदा उठावे लागते, वरचेवर जळजळ सुरू होते. आणि ‘वय झाले, चालायचेच’ एवढ्यावर सारे निभावले जाते. या दुखण्याचा पाळी जाण्याशी काय संबंध, याचा शोध कसा लागत गेला, ती हकीगत मोठी उद्बोधक आहे.

१९२३ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातील द्रव अंडाशय काढून टाकलेल्या उंदरिणींना टोचला, आणि त्या माजावर आल्या. द्रवात काही प्रभावी द्रव्य आहे हे ठरले. पण ते हाती लागेना. १९२७ साली बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांना ते गर्भवतींच्या मूत्रात विपुल आढळले. त्याच मूत्रातून १९२९ मध्ये डॉइझी व जर्मनीतील ब्यूटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचे स्फटिक वेगळे केले. हेच इस्ट्रोन. पुढे गाभण घोड्यांच्या मूत्रापासून औषध निघाले व १९४२ मध्ये ‘प्रेमारिन’ या नावाने अमेरिकेत विकले जाऊ लागले.

स्त्रीच्या गर्भावस्थेत मूत्रनलिका आणि योनिमार्गाचा खालचा भाग एकाच मुळातून घडतात. म्हणून दोहोंनाही या संप्रेरकाचा आधार लागतो. पाळी गेल्यावर तो तुटतो, अस्तर पातळ पडते, योनीतील आम्लता उतरते, हितकर जंतू जातात आणि आतड्यातले जंतू तेथे ठाण मांडतात. मग साहजिकच वाटले, की गोळी दिली म्हणजे झाले! कित्येक वर्षे लघवीच्या गळतीवरही ती दिली गेली.

परीक्षेने निराळेच सांगितले. २००१ साली हृदयविकार असलेल्या स्त्रियांवरील एका अमेरिकन प्रयोगात, आधीपासून गळती असलेल्या १,५२५ जणींची चार वर्षांची नोंद प्रसिद्ध झाली. संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांत शेकडा ३९ जणींची गळती वाढली. नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांत शेकडा २७ जणींची. २००५ मध्ये याहून कितीतरी मोठ्या प्रयोगानेही हाच कौल दिला.

मग संप्रेरक निरुपयोगी का? तसेही नाही. १९९३ साली रॅझ आणि स्टॅम यांनी वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या ९३ वयस्क स्त्रियांवर प्रयोग केला. निम्म्याहून अधिक जणींना योनीत लावण्याचे इस्ट्रिऑलचे मलम दिले. त्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला. औषधाविना मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा.

एकाच कुळातले द्रव्य पोटात घेतले तर गळती वाढवते आणि जागेवर लावले तर जंतूंना आवरते. गळतीसाठी तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ सालीच मांडला होता. त्याला पैही पडत नाही. तेव्हा गळती की जळजळ, हे डॉक्टरला नेमके सांगितल्यावाचून उपाय कोणता ते ठरणार कसे? आजी ते सांगणार नाही. घरातल्या कोणीतरी तिला विचारले पाहिजे.