अल्पमोली टपाल तिकिटे : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, दप्तरखान्यातील कागदपत्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. टपाल तिकिटाकडे मात्र आपण छंदाची वस्तू म्हणून पाहतो, आणि त्यातही दुर्मिळ व महागड्या तिकिटांचीच चर्चा अधिक होते. जुन्या बाजारात मूठभर रुपयांत मिळणारी, शिक्का बसलेली सामान्य तिकिटे अभ्यासकाच्या नजरेतून सुटतात. प्रस्तुत लेखात अशा तीन तिकिटांच्या आधारे या साधनाचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

जलचिन्हातील स्थलांतर

पंचम जॉर्ज यांच्या मुद्रेची कमी दर्शनी मूल्याची तिकिटे आजही विपुल आढळतात. समोरून पाहता त्यांपैकी बरीच सारखीच दिसतात. परंतु तिकीट उलटे करून उजेडात धरले असता कागदातील जलचिन्ह उमटते. काही तिकिटांत एकच तारका दिसते, तर काहींत अनेक तारकांची जाळी. एका तारकेची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीने छापलेली आहेत. नाशिक रोड येथील सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून तिकिटांची छपाई सुरू झाली, तेव्हा अनेक तारकांचा कागद वापरात आला. राजाचा चेहरा तोच राहिला, छपाई मात्र समुद्र ओलांडून गोदाकाठच्या नाशकात आली. वसाहतकालीन उद्योगाच्या इतिहासातील हा बदल तिकिटाच्या पाठीवर नोंदलेला आहे.

उलटा बोधिसत्त्व

स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश राजाची मुद्रा असलेली तिकिटे काही काळ वापरात होती. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची पहिली नित्योपयोगी तिकीटमाला प्रकाशित झाली. अजिंठा, कोणार्क, सांची, गोल घुमट, सुवर्णमंदिर, ताजमहाल अशा विविध परंपरांतील वास्तु-शिल्पांना सोळा तिकिटांत स्थान मिळाले. फाळणीच्या जखमा ओल्या असताना केलेली ही निवड नव्या राज्यसंस्थेची भूमिका सांगते.

याच मालेतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची प्रतिमा होती. पण ती आरशात दिसावी तशी, डावी-उजवी बाजू उलटलेली छापली गेली. मूर्तिशास्त्रात कोणता हात पुढे आहे, याला अर्थ असतो. ही चूक १९५० मध्ये दुरुस्त करून तिकीट नव्याने काढण्यात आले. प्रस्तुत लेखकाला जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलेल्या एका पुडीत ही दोन्ही तिकिटे एकत्र मिळाली. शेजारी-शेजारी ठेवताच फरक ध्यानात आला, आणि त्या क्षणीचा आनंद पुडीच्या किमतीशी कोणत्याही प्रमाणात बसणारा नव्हता. आपला वारसा सांगू पाहणारे राष्ट्र चुकले आणि त्याने ती चूक सुधारली, याचा पुरावा एक आण्याच्या कागदावर उपलब्ध आहे.

पाच पैशांचा भार

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यार्थ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. पोस्टकार्ड व वृत्तपत्रे यांना यातून सूट होती. म्हणजे सर्वांत स्वस्त पत्रव्यवहारावर हा भार पडला नाही. आरंभी कुटुंब नियोजनाचा संदेश असलेल्या पाच पैशांच्या तिकिटावरच निर्वासित साहाय्याची अक्षरे छापण्यात आली. हा साठा सर्वत्र वेळेवर न पोहोचल्याने अनेक ठिकाणी स्थानिक टपाल कार्यालयांनी रबरी शिक्के वापरले. त्या वाकड्या, पुसट अक्षरांत संकटकाळातील प्रशासनाची घाई स्पष्ट दिसते. हा आकार मार्च १९७३ अखेर संपुष्टात आला.

समारोप

बाजारातील किंमत मुख्यतः दुर्मिळतेवर ठरते. साधनाचे ऐतिहासिक मोल अनेकदा त्याच्या सार्वत्रिकतेवर अवलंबून असते. ही तिकिटे स्वस्त आहेत, कारण ती प्रचंड संख्येने छापली गेली व घरोघरी पोहोचली. अर्थात, तिकीट हे राज्यसंस्थेचे निवेदन असते. जनतेचे उत्तर त्यात नसते. ते उत्तर काही अंशी टपालाचा शिक्का, पत्ता आणि आतील मजकूर यांत सापडते. म्हणूनच तिकीट पाण्यात भिजवून पाकिटापासून सोडवणे म्हणजे पुराव्याचे दोन तुकडे करणे होय. घरे पाडताना, वाटण्या होताना जुन्या पत्रांचे गठ्ठे आज रद्दीत जात आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी अशी पाकिटे अखंड स्वरूपात जमवून त्यांची नोंद ठेवल्यास, दूरच्या दप्तरखान्यात जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यालाही अस्सल साधन हाती घेण्याचा अनुभव मिळेल. त्यासाठी फारसा निधी लागणार नाही. एक भिंग आणि थोडा संयम पुरेसा आहे.