गळती सल्फरची, की ओ-रिंगची?

शिवाजी उद्यमनगरात एखादी जुनी डिझेल पिकअप घेऊन गेलात, पंपाखाली डिझेलचा ओघळ दाखवलात, की मिस्त्री हमखास म्हणतो, "डिझेल बदललंय साहेब, आता पूर्वीसारखं येत नाही." संशोधनाच्या वाटेवर असलेल्या मित्रांनो, या वाक्यावर हसू नका. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं शोधताना जगभरच्या अभियंत्यांचीही दमछाक झाली होती, म्हणून हा विषय घेतला.

आधी डिझेल खरंच किती बदललं ते पाहू. टाटा ४०७ १९८६ साली आली, टाटामोबाईल पिकअप १९८८ साली. तेव्हा आपल्याकडे डिझेलमध्ये सल्फर एक टक्क्यापर्यंत चालायचं, म्हणजे किलोमागे १० ग्रॅम. २००५ साली भारत स्टेज २ देशभर लागू झालं, तेव्हा मर्यादा ५०० पीपीएम. २०१० साली ३५०, एप्रिल २०१७ मध्ये देशभर ५०, आणि एप्रिल २०२० पासून १० पीपीएम. किलोमागे १० ग्रॅमवरून १० मिलिग्रॅम, सरळ हजारपट घट! गाडी तीच, पंप तोच, आतलं रबर कदाचित कारखान्यातून आलं तेच.

अमेरिकेने ५०० पीपीएमचा टप्पा १ ऑक्टोबर १९९३ ला गाठला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रकच्या इंजेक्शन पंपातून डिझेल गळण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कॅलिफोर्नियात जास्तच गाजावाजा झाला. लोकांनी दोन तारखा जुळवल्या: सल्फर कमी झालं, गळती सुरू झाली. संपला विषय. तुमच्यापैकी किती जणांचा पहिला निष्कर्ष असाच निघतो, ते तुमच्या गाईडला विचारा.

पण सल्फर काढलं जातं कसं? रिफायनरीत डिझेल तापवून, दाबाखाली, हायड्रोजनसोबत कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. सल्फर हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातं. त्याच भट्टीत हायड्रोजन आणखी एक काम उरकतो. बेंझीनसारख्या कड्या असलेले जे अॅरोमॅटिक रेणू डिझेलमध्ये असतात, त्यांतल्या काहींच्या कड्या तो संपृक्त करतो. म्हणजे सल्फर कमी करताना अॅरोमॅटिकही घटतात. कॅलिफोर्नियाने तर त्याच सुमारास अॅरोमॅटिकवर वेगळी मर्यादाही घातली होती.

आता दुसरी बाजू, रबराची. पंपातल्या जुन्या ओ-रिंग नायट्राइल रबराच्या. हे रबर १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालं. ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेनसन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या कारागिराला १९३९ मध्ये मिळालं, म्हणजे दोन्ही वस्तू एकाच पिढीतल्या. नायट्राइल तेलात टिकतं, पण अॅरोमॅटिक रेणू थोडे थोडे आत शिरतात आणि ते फुगतं. ही फूग दोष नाही, उलट त्यामुळे रिंग खाचेत घट्ट बसते. वर्षानुवर्षं उष्णता खाल्ली की रबर कडक होतं, दबलेल्या आकारातच राहतं. मग एक दिवस टाकीत कमी अॅरोमॅटिकचं डिझेल येतं. आत शिरलेले रेणू बाहेर पडतात आणि रिंग आकसते. नवी रिंग आकसली तरी लवचीकपणामुळे पुन्हा खाच भरून काढते. जुनीला ते जमत नाही. केसाएवढी फट पडते आणि डिझेल ठिबकू लागतं.

हे कळलं ते गळणाऱ्या गाड्यांकडे बघून कमी, न गळणाऱ्या गाड्यांकडे बघून जास्त. तेच डिझेल पिणाऱ्या बहुसंख्य गाड्या ठणठणीत होत्या. नव्या रिंगवाल्या ठीक, व्हायटॉनसारख्या फ्लोरोरबराच्या रिंगवाल्या ठीक. दोष इंधनात असता तर सगळ्यांनाच लागायला हवा होता. जुनं नायट्राइल आणि अचानक बदललेलं इंधन, दोन्ही एकत्र आले तिथेच बिघाड.

जाता जाता: स्वीडनमध्ये १९९१ पासून जवळजवळ सल्फरमुक्त डिझेल आलं, तेव्हा पंप झिजू लागले. तो मामला वंगणक्षमतेचा. त्याच रिफायनरी-प्रक्रियेत धातूला वंगण देणारे घटकही जातात, म्हणून आता वेगळं रसायन मिसळतात. मिस्त्रीच्या "डिझेल कोरडं आलंय" मध्ये हे दोन्ही आजार एकत्र झालेले असतात. झीज वेगळी, गळती वेगळी.

आता आपल्या गावाकडे. एप्रिल २०१० मध्ये ५० पीपीएमचं डिझेल आधी निवडक शहरांत आलं. त्या पहिल्या यादीत पुणे आणि सोलापूर होतं, कोल्हापूर नव्हतं. म्हणजे गूळ किंवा भाजी घेऊन पुण्याला जाणारी पिकअप जाताना एक डिझेल भरायची, परतताना दुसरं. रिंगला हाच उलटसुलट बदल सर्वात बाधतो. त्या काळात पुणे लाईनच्या गाड्या गावातल्या गाड्यांपेक्षा जास्त गळल्या का? हा माझा तर्क आहे, निष्कर्ष नाही. पण प्रश्न तपासता येण्यासारखा आहे. पंप दुरुस्त करणाऱ्यांच्या वह्या, सुट्या भागांची बिलं, गाडी कुठल्या मार्गावर चालायची एवढं जमवलं तरी एम.एस्सी.चा प्रकल्प उभा राहतो.

मात्र आकडे गोळा करताना सगळी गळती या खात्यात टाकू नका. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, म्हणून तिथली फट बाहेर ठिबकेलच असं नाही, ती हवा आत घेते. लक्षण असं की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. फीड पंपाचा डायफ्राम फाटला तर काही इंजिनांत डिझेल ऑईलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, आणि हे सर्वात घातक, कारण बेअरिंगपर्यंत जातं. बँजो बोल्टचा तांब्याचा वायसर पुन्हा वापरला, नोजलवरची रिटर्न नळी चिरली, असली कारणं तर रोजचीच. पंपापासून नोजलपर्यंतच्या पाइपात शेकडो बारचा दाब असतो. चालू इंजिनवर तिथे हात फिरवून गळती शोधायची नाही, धार कातडीतून आत जाते. पुठ्ठा धरा. गरम एक्झॉस्टवर ओघळ जात असेल तर इंजिन आधी बंद.

पंप पुसून कोरडा करा, पावडर मारा, पाच मिनिटं इंजिन चालवा, आणि पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते टिपून घ्या. खालचा थेंब फसवतो, तो वरून वाहत आलेला असतो. ओ-रिंगच निघाली तर त्याच मापाची फ्लोरोरबराची मागा, दोनचार रुपये जास्त गेले तरी चालतील. वायसर नवा घाला, मग एअर काढा. आणि जुनी रिंग फेकू नका. व्हर्नियरने जाडी मोजा, गाडीचं साल आणि नेहमीचा मार्ग लिहून पाकिटात ठेवा. अशी तीसेक पाकिटं झाली की मला कळवा.