परवाना नव्हता, म्हणून कॅसेट



पॉडकास्ट हा शब्द आता आपल्या घरातही आला आहे. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करायचं, इंटरनेटवर ठेवायचं, मग ज्याला हवं त्याने हवं तेव्हा ऐकायचं. ही अगदी नवी गोष्ट आहे असं म्हणतात. मशीन नवी आहे हे खरं. पण मोठ्या रेडिओवर जागा मिळाली नाही म्हणून बायांनी आपला आवाज आपणच साठवला आणि आपणच वाटला, हे आपल्या शेजारच्या मुलखात पंचवीसएक वर्षांपूर्वी घडून गेलं आहे. आज ती हकिगत सांगते. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

मुंबईचं रेडिओ केंद्र 1927 साली सुरू झालं, ते एका खासगी कंपनीचं. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला. कायदा होता 1885 चा, तारायंत्रासाठी केलेला. त्याच कायद्याच्या आधारे सरकारच्या परवान्याशिवाय हवेतून आवाज पाठवणं हा गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा तसाच राहिला.

सरकारच्या रेडिओला पहिला धक्का बसला तो एका टूथपेस्टच्या जाहिरातीने! 1952 पासून माहिती खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतं. शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी कमी झाली. लोक सरळ रेडिओ सिलोनकडे वळले आणि 'बिनाका गीतमाला' घरोघरी पोचली. मग 1957 मध्ये विविध भारती आली, आणि 1967 मध्ये तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. सुरुवात झाली मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच केंद्रांवर.

जाहिरातीच्या रेडिओवर माझा राग नाही. ती गाणी ऐकतच आपण भाकऱ्या थापल्या. पण त्याचा हिशेब समजून घ्यायला हवा. तिथे विकलं जातं ते गाणं नव्हे. विकली जातात ऐकणारी माणसं, आणि ती घेणारा असतो साबणवाला, तेलवाला. ज्यांच्या हातात खर्चाला पैसा आहे अशी माणसं जिथे दाट, तिथे त्याचं लक्ष. कोरडवाहू गावातल्या बाईच्या बोलण्याला त्या हिशेबात जागा कुठून मिळणार?

1995 मध्ये एक मोठी गोष्ट झाली. दावा होता क्रिकेटचे सामने टीव्हीवर कोणी दाखवायचे याचा. निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर एकट्या सरकारची मक्तेदारी नाही. ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता जनतेची ठरली खरी, पण नंतर सरकारने केला तो लिलाव. बोली लावू शकले ते पैसेवाले. 2001 मध्ये बेंगळुरूला पहिली खासगी एफएम वाहिनी सुरू झाली, मग शहराशहरांत पोचली.

आता माचनूरला चला. झहीराबादजवळचं हे गाव. उदगीर-देगलूरकडच्या मैत्रिणींना तो भाग परका नाही. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या कामातून दलित शेतकरी बायांचे गट उभे राहिले होते. त्यांना 'संघम' म्हणतात. जमीन हलकी, पाणी पावसाचं. पिकं ज्वारी, भरड धान्यं, कडधान्यं. या बायांनी घरचं बियाणं जपलं होतं आणि त्याबद्दल बोलायला त्यांना आपला रेडिओ हवा होता. युनेस्कोच्या मदतीने 1998 मध्ये केंद्र उभं राहिलं, यंत्रं आली. परवाना मात्र नाही.

अशा वेळी कुलूप लावून वाट पाहता आली असती. त्या बायांनी तसं केलं नाही. जनरल नरसम्मा आणि अल्गोले नरसम्मा, एकाच नावाच्या दोघी, केंद्र चालवू लागल्या. बियाण्याची माहिती, औषधी पाला, गाणी, गप्पा, सगळं त्यांच्या तेलुगू बोलीत रेकॉर्ड व्हायचं. मग कॅसेट गावोगावच्या संघमच्या बैठकीत टेपरेकॉर्डरवर वाजायची. हवेतून आवाज पाठवायला बंदी होती, कॅसेट हातात घेऊन जायला नव्हती! मला तर यात एक फायदाही दिसतो. कॅसेट मध्येच थांबवता येते, 'हे आमच्याकडे असं नाही' म्हणता येतं. रेडिओला तसं अडवता येत नाही.

अशी दहा वर्षं गेली. वाट काढणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. कर्नाटकात बुडीकोटे गावात केबलच्या तारेतून गावाचे कार्यक्रम घरोघरी गेले. कच्छमधल्या बायांच्या संघटनेने भूजच्या आकाशवाणीवर वेळ घेऊन आपला कार्यक्रम केला. सरकारने 2002 मध्ये दार किलकिलं केलं, पण फक्त शिक्षणसंस्थांसाठी. संस्था-संघटनांना परवानगी मिळाली ती 2006 मध्ये. 15 ऑक्टोबर 2008 या दिवशी, ग्रामीण स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय दिनी, संघम रेडिओ 90.4 वर ऐकू आला. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली.

परवाना मिळाला तोही अटी घालून. ताकद शंभर वॅट, म्हणजे पूर्वीच्या मोठ्या पिवळ्या बल्बाएवढी. खासगी वाहिन्यांना हजारो वॅट. निम्मे कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागाने झाले पाहिजेत, ही अट मला पटते. पण स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, ही पटत नाही. गावच्या रेडिओने गावची बातमी देऊ नये, याला काय म्हणावं?

पॉडकास्ट हे नाव 2004 च्या सुमाराचं. त्याला हा लहरींचा परवाना लागत नाही, म्हणून मला तो त्या कॅसेटचा नातेवाईक वाटतो. सुरुवातीला तर मध्ये कोणीच नव्हतं. ज्याचा कार्यक्रम, त्याच्याच साइटवर त्याची यादी, आणि ऐकणारा थेट तिथून घेई. पुढे मोठ्या कंपन्या आल्या. स्पॉटिफायने 2019 मध्ये पॉडकास्ट बनवणारी आणि बनवायला साधन देणारी, अशा दोन कंपन्या विकत घेतल्या. आता बहुतेक जण कंपनीच्या अ‍ॅपवर ऐकतात. आपला कार्यक्रम कोणाच्या डोळ्यांपुढे आणायचा हे ते अ‍ॅप ठरवतं, आणि तिथे पुन्हा साबणवाल्याचाच हिशेब आहे.

शिवाय फोन कोणाचा? अनेक घरांत तो मालकांच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, रिचार्जही त्यांच्या हातात. संघमची कॅसेट ऐकायला घरात कोणाकडे काही मागावं लागत नव्हतं. ती बैठकीत वाजायची. आपल्या गटाने बोलणं रेकॉर्ड केलं, तर ते अ‍ॅपवर जरूर टाका. पण एक प्रत पेनड्राइव्हमध्ये भरून गटाच्या पेटीत, वहीजवळ ठेवा. बैठकीत छोट्या स्पीकरवर ती लावता येईल आणि मध्येच थांबवताही येईल.