डब्यातली खिचडी आणि वैरागडची हिऱ्याची खाण

मागच्या वर्षी सहावीच्या मुलांना मी निबंध दिला होता : 'माझे आवडते जेवण'. वह्या तपासताना लक्षात आले की वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुसलमान मुलांनी बिर्याणी लिहिली आहे. एका मुलीच्या वहीत 'बिर्याणी' या शब्दाखाली कागद खरवडलेला होता. खोडरबर नीट फिरले नव्हते आणि खालचा शब्द वाचता येत होता. तो शब्द होता 'खिचडी'.

या मुलांचे डबे मी रोज बघते. बिर्याणी त्यांच्या घरी लग्नात होते, ईदला होते, कधी पाहुणे आले तर होते. रोज असतो तो भात, तुरीचे किंवा लाखोळीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, नाहीतर अंड्याचा खागीना. घाईच्या दिवशी खिचडी. म्हणजे शेजारच्या घरात जे शिजते तेच, फोडणीत थोडा फरक. मग तिने ते खोडले का? 'तुम्हा लोकांकडे रोज बिर्याणीच असते ना?' हे ऐकून ऐकून आपलीच मुले ते खरे मानू लागली आहेत. टीव्हीवर, सिनेमात आणि आपल्याच हॉटेलांच्या पाट्यांवर मुसलमानाचे जेवण म्हणजे बिर्याणी. त्यामुळे खिचडी म्हणजे गरिबी किंवा आजारपण, असे तिच्या मनात बसले असावे.

त्या मुलीला काय सांगावे याचा विचार करता करता मी हा लेख लिहायला बसले.

अबुल फज्लचा 'आइन-ए-अकबरी' हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. त्यात अकबराच्या मुदपाकखान्याचे प्रकरण आहे. पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत आणि पहिला वर्ग बिनमांसाच्या पदार्थांचा आहे. अकबर ज्या दिवशी मांस खात नसे त्या दिवसांचे हे 'सूफियाना' जेवण. या वर्गात खिचडी आहे, मापासकट : तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर, तूप पाच शेर आणि मीठ एक तृतीयांश शेर. बस्स. तांदळाइतकेच तूप! बादशहाचे घर होते, परवडत असेल. आमच्याकडे चमचाभर तूप वरून सोडले की अम्मी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवायची.

या यादीत काय नाही हेही बघण्यासारखे आहे. मिरची नाही. केवळ खिचडीत नाही असे नव्हे, तर मुदपाकखान्याच्या मसाल्यांच्या दरपत्रकातही लाल मिरची नाही. मिरे आहेत, पिंपळी आहे, सुंठ आहे. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि तिला उत्तरेच्या दरबारापर्यंत पोहोचायला वेळ लागला. बटाटा आणि टोमॅटो तर त्याहून नंतरचे. आज भिवापुरी मिरचीशिवाय आमच्या भागात फोडणी पडत नाही, पण तीही पाहुणीच, चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आलेली.

आता गंमत अशी की याच ग्रंथात आपणही आहोत. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या गोंड राजाचा उल्लेख येतो. त्याचे घोडदळ एक हजार आणि पायदळ चाळीस हजार असल्याचे अबुल फज्ल लिहितो. त्याच्या ताब्यात वैरागड आहे, तिथे हिऱ्यांची खाण आहे, नक्षीचे कापड विणले जाते आणि रानटी हत्ती पुष्कळ आहेत, असेही लिहितो. हे वैरागड म्हणजे आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यातले वैरागड. इतिहास शिकवताना आपण मुलांना दिल्ली-आग्रा सांगतो आणि मुलांना वाटते की इतिहास रेल्वेने दीड दिवस लांब असतो. पण ज्या पुस्तकात खिचडीची कृती आहे त्याच पुस्तकात आरमोरी तालुकाही आहे.

खिचडी मात्र अकबराहून जुनी. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीला आला. मूग तांदळाबरोबर शिजवून वर तूप घालतात, त्याला 'किश्री' म्हणतात आणि लोक रोज सकाळी तेच खातात, अशी नोंद त्याने केली. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी बहामनी राज्यात बिदरला होता. तो लिहितो की इथे घोड्यांनाही खिचडी खाऊ घालतात, साखर आणि तेल घालून. (हे वर्गात सांगू नये, मुले वर्षभर एकमेकांना घोडा म्हणतील.) पुढे जहांगीर गुजरातेत असताना त्याला बाजरीची खिचडी इतकी आवडली की मांस वर्ज्य असलेल्या दिवसांत ती वाढावी असा त्याने हुकूम काढला. बादशहाने फर्मान काढून मागवलेली बिर्याणी अजून तरी माझ्या वाचनात आलेली नाही.

आमच्या घरची खिचडी दिल्लीहून आली नाही. ती गोदावरीच्या बाजूने आली. माझी नानी सिरोंच्याची. प्राणहितेच्या पलीकडे आज तेलंगणा आहे, पूर्वी निजामाचे राज्य होते. सिरोंचाही निजामाकडेच होते. ते 1860 साली इंग्रजांकडे आले, काही वर्षे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे राहिले आणि मग चांदा जिल्ह्याला जोडले गेले. आपला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 1982 मध्ये. नकाशे बदलत गेले, चूल तीच राहिली. म्हणून सिरोंचा-अहेरीकडच्या मुसलमान घरात खिचडीबरोबर 'खट्टा' असतो आणि इकडे वडसा-आरमोरीकडे तीच खिचडी कढीबरोबर किंवा नुसत्या लोणच्याबरोबर खातात. माझ्या सासरी खट्टा कोणाला माहीत नव्हता. लग्नानंतर मी पहिल्यांदा केला तेव्हा सासऱ्यांनी विचारले, 'ही चटणी पातळ का झाली?'

खट्टा म्हणजे चिंचेचे पाणी. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवायची, कोळ काढायचा. दोन चमचे तीळ कोरडे भाजून कुटायचे. कच्चा कांदा बारीक, हिरवी मिरची, मीठ, मूठभर सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. नानी कोतमीर म्हणायची.) वरून जिरे, सुकी लाल मिरची आणि गोडलिंबाची फोडणी. चूल लागते ती फक्त तीळ भाजायला आणि फोडणीला. तीळ संपले की नानी जवस घ्यायची. चिंच नसेल तर अंबाडी. नुसखा विचारला की एकच उत्तर : "डब्बे में जो है, वोच पकाना."

खिचडीही तशीच. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मसूर. मसूर नसेल तर तूर, तीही नसेल तर मूग. कांदा तेलात लाल करायचा, जिरे, आले-लसूण, हळद, मीठ, धुतलेले डाळ-तांदूळ परतायचे आणि अडीचपट पाणी. बहुतेक वेळा तांदूळ नसायचाच, कनकी असायची. गिरणीत भात काढताना तुटलेला तांदूळ तो कनकी. ती स्वस्त मिळते आणि लवकर शिजते. आज मी 'एचएमटी' आणते. हा तांदूळही याच मातीतला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे लावून तो तयार केला आणि त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला दिले. 2018 मध्ये ते गेले. तांदूळ देशभर गेला, त्यांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही.

डब्यात काय असेल हे नेहमी बाईने ठरवले असे नाही. लाखोळीचेच बघा. धान उभे असताना, बांधीत ओल असतानाच लाखोळी आणि जवस फेकायचे, ही इथली जुनी उतेऱ्याची पद्धत. नांगर नको, वेगळे पाणी नको. धान बुडाले तरी लाखोळी हाती येते. म्हणून दुष्काळात लोक तीच खात आणि महिनोन्‌महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडत. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. शेतात मात्र ती राहिली, घरातही राहिली. जुन्या बायका डाळ भिजवून ते पाणी फेकून देत, मगच शिजवत. का, हे त्यांना रसायनशास्त्रात सांगता आले नसते, पण तिचा दोष पाण्याबरोबर बराच निघून जातो हे आता शास्त्रही सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि रेशन आले. पुढे रेशनवर अमेरिकेचा गहू आला. धानाच्या मुलखात पोळी सणाची होती, ती रोजची होऊ लागली. तुपाच्या जागी डालडा आला, तो 1937 पासून बाजारात होताच. 'झटपट पदार्थ' म्हणून आज ज्यांचे व्हिडिओ निघतात ते पुष्कळसे अशा टंचाईतून आलेले आहेत.

छापील पाककृतींचा इतिहासही आपल्याकडे कमी नाही. मराठीत 1875 मध्ये 'सूपशास्त्र' आले, 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र', 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा'. उर्दूत 'बहिश्ती जेवर' घरोघरी होते. त्यात नमाज-रोज्याच्या मसाइलबरोबर हिशेब, पत्रलेखन आणि काही पदार्थांच्या कृतीही आहेत. आमच्या घरात ते कपाटात होते, पण स्वयंपाक त्यातून कोणी शिकले नाही. नानीला वाचता येत नव्हते. तिचे माप मुठीचे होते आणि तिच्या मुठीचे माप कोणी लिहून ठेवले नाही.

रमजानमध्ये हे सगळे आठवते. गडचिरोली महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, त्यामुळे आमचा सूर्य मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. म्हणजे सहरीही अर्धा तास आधी संपते. मुंबईची वेळ बघून बसलेल्या एका पाहुण्याचा रोजा आमच्याकडे एकदा उपाशीपोटी गेला आहे. अशा वेळी कुकरमधली खिचडी आणि रात्रीच करून ठेवलेला खट्टा, दहा मिनिटांत घर जेवते. आणि खट्ट्यातल्या चिंचेचे नाव अरबीत 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचे खजूर. इंग्रजी शब्दही त्यातूनच निघाला. गंमत म्हणजे हे 'हिंदी' झाड मुळात आफ्रिकेतून आलेले आहे. इफ्तारला खरे खजूर, सहरीला हिंदी खजूर.

ईदच्या शीरखुर्म्याचे तेच. शीर म्हणजे दूध, खुरमा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. पण वर पेरलेली चारोळी आमच्या जंगलातल्या चाराच्या झाडाची. उन्हाळ्यात गोंड-माडिया बाया ती वेचतात, फोडतात. शेजारच्या बस्तरमध्ये पूर्वी व्यापारी चारोळीच्या बदल्यात मीठ देत. मापाला माप! शीरखुर्मा खाताना ही गोष्ट आठवली की घास थोडा जड जातो.

तर मी 'आइन'मधला तो उतारा मराठीत करून फळ्यावर लिहिला. पाच शेर, पाच शेर, पाच शेर. खाली वैरागडची ओळ लिहिली. मुलांनी आधी तुपावर गोंधळ घातला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'मॅडम, यात हळद कुठे आहे?' प्रश्न विचारणारी तीच मुलगी होती. मी म्हटले, त्या यादीत नाही. ती म्हणाली, 'मग पांढरी होत असेल. आमची अम्मी घालते.' आणि डबा उघडून तिने शेजारणीला दाखवला.

ज्या मुलाचे आजोळ वैरागडला आहे त्याला खिचडीशी काही देणेघेणे नव्हते. त्याला एवढेच विचारायचे होते की तिथे अजून हिरे सापडतात का, आणि सापडले तर ते मामाला ठेवता येतात की सरकार घेते.