घोरपड, माळ आणि पहिला गडी

कोल्हापूरच्या परिसरात घोरपडे हे आडनाव उच्चारताच कड्याला चिकटलेली, दोर बांधलेली घोरपड आठवते. मुधोळच्या घराण्याची परंपरा या नावाचा उगम बहमनी काळातील खेळणा, म्हणजे विशाळगड, किल्ल्याच्या मोहिमेत मानते. सिंहगडाच्या १६७० मधील चढाईतही घोरपड येते, ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. सभासद बखरीत मात्र ती नाही; तेथे वानरांप्रमाणे कडा चढणारे मावळे आणि त्यांनी वर लावलेली ‘माळ’, अर्थात दोराची शिडी, आहे.

बखरीचे हे वर्णन अधिक ग्राह्य वाटते. दोर कितीही बळकट असला, तरी त्याचे सामर्थ्य वरच्या आधाराइतकेच असते. पडत्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट होतो. तो प्राण्याच्या नख्यांना पेलणारा नव्हे. आज उंचीवर काम करणाऱ्याने सुरक्षापट्ट्याचा दोर आखूड ठेवून डोक्यावरील पक्क्या आधारास अडकवावा, या नियमामागे हेच तत्त्व आहे. माळ लागण्यापूर्वी चढणाऱ्या पहिल्या गड्यास असा आधार नव्हता. आख्यायिकेने त्याचे श्रेय घोरपडीस दिले. इतिहासाने ते त्यास परत करावयास हवे.